फ्लशची टाकी गुपचूप वाहत असेल, तर पाना उचलण्याआधी एक रेघ मारा

आधी लक्षणं

यातलं एक जरी तुमच्या घरात दिसत असेल तर टाकी वाहतेय असं धरून चाला.

- कुणी फ्लश केलेला नसताना टाकी मध्येच काही सेकंद ‘सुस्स’ आवाज करत भरते आणि गप्प होते. दिवसा हा आवाज लक्षात येत नाही, रात्री मात्र हमखास ऐकू येतो.
- कमोडच्या भांड्यातलं पाणी स्थिर नसतं. त्यात पडलेलं दिव्याचं प्रतिबिंब थरथरत राहतं.
- भांड्याच्या मागच्या भिंतीला कोरडा टिश्यू पेपर टेकवला की तो वरच्या कडेपासून ओला होत जातो.
- त्याच जागी पांढरा किंवा तपकिरी उभा पट्टा पडतो. घासून काढला तरी थोड्याच दिवसांत परत येतो.
- फ्लशला जोर राहिलेला नाही, बटन दोनदा दाबावं लागतं.
- सगळे नळ बंद असूनही पाण्याचा मीटर हळूहळू सरकतो.

बाथरूममध्ये पाणी वाचवायचं ठरलं की घरोघरी पहिली चर्चा होते ती आंघोळीची आणि दात घासताना सोडून ठेवलेल्या नळाची. त्या सवयी बदलायलाच हव्यात. पण मी आजवर घरातल्या, नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या इतक्या टाक्या उघडल्या आहेत की आता कुणी ‘आमच्याकडे पाणी पुरत नाही’ म्हटलं की मी आधी फ्लशच्या टाकीचं झाकण काढतो. नळ गळला तर दिसतो, ऐकू येतो. टाकीतलं पाणी भांड्यात उतरतं आणि तिथून थेट निघून जातं. फरशी कोरडी, भिंत कोरडी, त्यामुळे महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही.

किती जातं, याचा अंदाज घरीच काढता येतो. समजा टाकी आतून ४० सेंमी लांब आणि १५ सेंमी रुंद आहे. मग पातळी १ सेंमी उतरली म्हणजे ६०० मिलिलिटर पाणी गेलं. अर्ध्या तासात १ सेंमी उतरत असेल तर तासाला १.२ लिटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ २९ लिटर. ही डोळ्यांना न दिसणारी गळती झाली. भांड्यात धार दिसू लागली आणि ती मिनिटाला २०० मिलिलिटर, म्हणजे साधारण एक पेला भरली, तर दिवसाला २८८ लिटर. सहा लिटरच्या फ्लशच्या हिशेबात हे ४८ फ्लश झाले, कुणीही न केलेले.

नेमकं चुकतं कुठे

टाकीतून पाणी भांड्यात जायला दोनच वाटा आहेत. वरची वाट म्हणजे ओव्हरफ्लो पाईप. आत पाणी आणणारा इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटचा किंवा बॉल कॉकचा भाग, वेळेवर बंद झाला नाही तर जादा पाणी या पाइपातून खाली जातं. खालची वाट म्हणजे तळाचं भोक. त्यावर बसणारा फ्लश व्हॉल्व्हचा रबरी वॉशर नीट टेकला नाही की तिथून पाणी झिरपतं. या फ्लश व्हॉल्व्हलाच बरेच प्लंबर ‘सायफन’ म्हणतात. दुकानात गोंधळ होऊ नये म्हणून हे लक्षात ठेवा.

दोन्ही दोषांत भांड्यात तेच दिसतं. म्हणूनच माणसं चुकीचा भाग बदलतात. मीही पहिल्या वेळी फ्लोटचा अख्खा सेट नवा बसवला होता. पाणी तसंच वाहत राहिलं, कारण दोष खालच्या वॉशरखाली होता. तेव्हापासून खालच्या क्रमाशिवाय मी कुठल्याही टाकीला हात लावत नाही.

१. झाकण काढून नुसतं बघा

झाकण चिनी मातीचं असेल तर जमिनीवर जाड कापड घालून त्यावर आडवं ठेवा. उभं टेकवून ठेवलेली झाकणं घसरून फुटतात. बटन झाकणातच असेल तर आधी ते फिरवून सोडवावं लागतं. झाकण अडलं तर जोर करू नका.

आता पाण्याची पातळी आणि ओव्हरफ्लो पाइपाचं तोंड यांत किती अंतर आहे ते बघा. पाणी तोंडापासून किमान दोन-अडीच सेंमी खाली थांबायला हवं. तोंडाच्या काठावरून आत ओघळत असेल तर निदान झालंच: इनलेट बंद होत नाही किंवा फ्लोट जास्त वर लावलेला आहे. फ्लोटच्या दांडीवरचा स्क्रू किंवा खटका फिरवून पातळी खाली आणा. धातूच्या दांडीचा जुना बॉल कॉक असेल तर दांडी दोन्ही हातांनी धरून अगदी किंचित खाली वाकवा. बॉल हातात घेऊन हलवून बघा. आत पाणी डुचमळलं तर तो फुटलाय. तो पुरेसा वर येतच नाही, म्हणून व्हॉल्व्ह बंद होत नाही.

फ्लोट टाकीच्या भिंतीला किंवा बटनाच्या दांड्याला घासतोय का, हेही याच वेळी बघा. पाच सेकंदांचं काम आहे आणि बऱ्याचदा दोष इथेच निघतो. ओव्हरफ्लोमध्ये सोडलेली बारीक नळी असेल तर तिचं टोक पाइपाच्या तोंडाच्या वरच राहायला हवं. ती आत खोल, पाण्याच्या पातळीखाली गेली तर टाकीतलं पाणी त्या नळीतून ओढलं जाऊ शकतं.

२. रेघेची परीक्षा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. खर्च शून्य, वेळ अर्धा तास.

टाकी पूर्ण भरू द्या. टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा कॉक, म्हणजे अँगल कॉक, बंद करा. पाण्याच्या पातळीलगतची आतली भिंत कापडाने कोरडी करून पेन्सिलने रेघ मारा. पेन्सिल उमटत नसेल तर चिकटपट्टीचा तुकडा पातळीला लावून चिकटवा. अर्धा तास कुणालाही फ्लश करू देऊ नका. मग बघा.

पातळी रेघेखाली उतरली असेल तर दोष खालच्या वाटेत आहे. फ्लोटला हात लावू नका, चेक क्रमांक ३ आणि ४ करा.

पातळी जागच्या जागी आणि भांडंही शांत असेल, पण कॉक उघडल्यावर पुन्हा वाहायला लागत असेल, तर दोष इनलेटचा. थेट क्रमांक ५ वर जा.

तिसरी शक्यता लोकांना माहीत नसते. पाणी उतरतं आणि मध्येच एका उंचीवर थांबतं. ते जिथे थांबलं तिथेच गळती आहे: ओव्हरफ्लो पाइपाला त्या उंचीवर तडा गेलेला असतो किंवा तिथला सांधा सुटलेला असतो. असं दिसलं तर वॉशर बदलण्यात अर्थ नाही. म्हणून अर्ध्या तासाने पाणी उतरलेलं दिसलं की लगेच पुढच्या कामाला लागू नका. तसंच ठेवून काही तासांनी पुन्हा बघा. शक्य असेल तर रात्रभर ठेवा.

परीक्षा झाली की कॉक बंद ठेवूनच एकदा फ्लश करा. टाकी हळूहळू का होईना, भरू लागली तर तुमचा अँगल कॉक पूर्ण बंद होत नाही. मग वरचा निकाल धरता येत नाही, कारण जेवढं गळत होतं तेवढं वरून भरत होतं. घराचा मुख्य कॉक बंद करून परीक्षा पुन्हा घ्या.

अजून शंका असेल तर टाकीत खाण्याचा गडद रंग चार-पाच थेंब टाका आणि वीस मिनिटं थांबा. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर गळती पक्की. रंग पाणी जातंय एवढंच सांगतो. कुठल्या वाटेने जातंय ते रेघ सांगते, म्हणून मी रेघ आधी घेतो.

३. बटन आणि साखळी

वॉशर काढण्याआधी त्याला वरून कुणी उचलून तर धरत नाही ना, ते बघा. दोन बटनांच्या टाकीत बटनाखालचे दांडे फ्लश व्हॉल्व्हवर दाब देतात. झाकण जरा सरकलं, दांडा लांब राहिला किंवा बटनाच्या खाचेत क्षार साचले की बटन दाबल्यासारखंच राहतं आणि वॉशर केसभर उचललेला राहतो. ओळखायची युक्ती सोपी: झाकण आणि बटन बाजूला ठेवून रेघेची परीक्षा पुन्हा घ्या. आता गळती थांबली तर दांड्याची लांबी एक-दोन आटे कमी करा आणि बटनाची खाच जुन्या टूथब्रशने साफ करा.

हँडल आणि फ्लॅपर, म्हणजे तळाच्या भोकावरची रबरी झडप, असलेल्या टाकीत साखळी असते. ती ताणलेली असेल तर फ्लॅपर बसत नाही. फार ढिली असेल तर फ्लॅपरखालीच अडकते. साधारण एक सेंमी ढील ठेवा.

४. खालचा वॉशर

मी उघडलेल्या टाक्यांत सर्वाधिक वेळा दोष इथे निघालाय, म्हणून यावर थोडा वेळ घालवू या.

साखळी ओढायच्या जुन्या उंच टाक्यांमध्ये खराखुरा सायफन असायचा. पाणी आधी वर उचललं जाऊन वाकावरून पलीकडे जायचं, तेव्हा कुठे फ्लश व्हायचा. अशा टाकीत तळाला झिरपायला जागाच नाही. ब्रिटनमध्ये २००१ पर्यंत नियमाने सायफनच बसवावा लागे, तो यासाठीच. आजच्या बटनवाल्या टाक्यांत तळाच्या भोकावर एक रबरी चकती नुसती टेकलेली असते आणि वरच्या पाण्याचं वजन तिला दाबून धरतं. बटन हलकं लागतं, पूर्ण-अर्धा फ्लश सोयीने करता येतो. पण सगळा भार त्या एका चकतीवर असतो. तिच्याखाली वाळूचा एक कण आला की संपलं.

अँगल कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, तळाचं उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. बहुतेक दोन-बटनी व्हॉल्व्ह हाताने पाव फेरा फिरवला की बैठकीतून, म्हणजे तळाच्या भोकाभोवतीच्या कड्यातून, सुटून वर येतात. कुठल्या दिशेने फिरवला ते लक्षात ठेवा, किंवा मोबाइलवर आधी एक फोटो काढून ठेवा.

आता वॉशर बोटांमध्ये धरून गोल फिरवत चाचपून बघा. चांगला वॉशर मऊ आणि सपाट असतो. बोटांना काळं लागलं तर रबर विरघळायला लागलंय. कडक झाला असेल, कड लाटेसारखी उठली असेल, किंवा बैठकीची खोल गोल खूण कायमची उमटली असेल, तर तो बदलायचाच. नुसताच चिकट, बुळबुळीत झाला असेल तर धुऊन परत चालतो.

मग तर्जनी तळाच्या बैठकीच्या कडेवरून सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. डोळ्यांना जे दिसत नाही ते इथे बोटाला कळतं. एका टाकीत तीन महिन्यांत दोन नवे वॉशर घालूनही गळती परत येत होती. दोन्ही वेळा मी वॉशर बदलला होता, बैठक चाचपली नव्हती. तिसऱ्या वेळी बोट फिरवलं तर मागच्या बाजूला, पाईप आडवा असल्यामुळे जिथे नजर पोहोचत नाही तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा क्षाराचा खडा पक्का चिकटलेला. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड तिथे तासभर दाबून ठेवलं, खडा बोटानेच निघाला. जुनाच वॉशर धुऊन बसवला आणि टाकी थांबली.

बैठक साफ करताना सुरी, पॉलिश पेपर, तारेची घासणी वापरू नका. प्लास्टिकवर एक ओरखडा पडला की पाण्याला कायमची वाट मिळते. व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी आणि मऊ कापड पुरेसं आहे. मात्र टाकीत किंवा भांड्यात ब्लीच असेल तर आम्लाचं काहीही त्यात घालू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. आधी दोन-तीनदा फ्लश करून सगळं धुऊन काढा.

वॉशर वारंवार खराब होत असेल तर टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्या वापरताय का ते आठवा. वडी दिवसरात्र त्याच पाण्यात विरघळत असते आणि रबर त्यातच बुडालेलं असतं. भांडं साफ करायचं औषध भांड्यात घाला, टाकीत नको. वॉशरला व्हॅसलीन लावायची सवयही सोडा, पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं. लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस.

५. इनलेट

इथे बहुधा कचरा अडकलेला असतो. पाणीपुरवठा बंद होऊन पुन्हा सुरू झाला, किंवा इमारतीची टाकी धुतली, की पाइपातला गाळ हलतो आणि व्हॉल्व्हच्या बारीक भोकात येऊन बसतो. त्यानंतर दोनेक दिवसांत टाकी वाहू लागली तर आधी हाच संशय घ्या. कॉक बंद करून कनेक्शन पाईप सोडवा. इनलेटच्या देठात बोटाएवढी प्लास्टिकची जाळी असते, ती काढून धुवा. मग व्हॉल्व्हची वरची टोपी काढा, आतली रबरी चकती उलटसुलट बघून धुवा. टोपी परत लावण्याआधी पाईप जोडून तोंडावर पेला पालथा धरा आणि कॉक दोन सेकंद उघडा. आतला कचरा उडून बाहेर येतो. पेला धरला नाही तर पाणी छतापर्यंत जातं.

फक्त रात्रीच वाहत असेल तर दाबाकडे बघा. रात्री वापर कमी असल्याने नळाला दाब वाढतो आणि झिजलेला व्हॉल्व्ह तेवढा दाब पेलत नाही. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब येतो, म्हणून उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर ही तक्रार जास्त. यावर अँगल कॉक अर्धवट बंद करायचा सल्ला मिळतो. त्याने टाकी सावकाश भरेल, एवढंच. टाकी भरून प्रवाह थांबला की व्हॉल्व्हवर पुन्हा पूर्ण दाब येतो, गळती तशीच राहते. इलाज म्हणजे नवी रबरी चकती, किंवा जास्त दाबाला चालणारा व्हॉल्व्ह.

६. भाग बदलायचाच असेल तर

जुना भाग बरोबर घेऊन जा. वॉशर दिसायला सारखे असतात, पण दोन मिलिमीटरच्या फरकाने बसत नाहीत. प्लास्टिकचे नट हाताने घट्ट करून वर फार तर पाव फेरा. जास्त आवळल्याने चिनी मातीला तडा जातो, आणि मग वॉशरऐवजी टाकी बदलावी लागते. जिथे रबरी वॉशर पाणी अडवतो तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे तिचा उपयोग नाही, उलट नट तिरका बसतो.

टाकीत वीट ठेवण्याचा जुना उपाय करू नका. वीट पाण्यात झिजते आणि तिचे कण थेट वॉशरखाली जातात. पाण्याने भरलेली बाटली ठेवणं मोठ्या, नऊ-दहा लिटरच्या जुन्या टाकीत ठीक आहे. सहा लिटरच्या टाकीत नको. फ्लश अपुरा पडतो, बटन दोनदा दाबलं जातं आणि होतं त्यापेक्षा जास्त पाणी जातं.

टाकी थांबली आणि मीटर तरीही सरकतोय? मग जेट स्प्रे, शॉवर आणि गरम पाण्याची जोडणी एकेक करून बंद करत मीटर बघा. शॉवरचं वाहणं मोजायचं तर दहा लिटरची बादली खाली धरा. मिनिटाभरात भरली तर कमी प्रवाहाचं तोंड बसवण्यासारखं आहे.

इथे थांबा, प्लंबरला बोलवा

अँगल कॉक जाम असेल तर पान्याने जोर करू नका. तो भिंतीत तुटला तर घरभर पाणी होतं. मुख्य कॉक कुठे आहे आणि तो बंद होतो का, हे काम सुरू करण्याआधीच बघून ठेवा.

टाकीला तडा दिसला, टाकी आणि भांड्याच्या जोडातून पाणी येऊ लागलं, कमोडच्या बुडाशी ओल किंवा घाण वास आला, तर हात लावू नका. तिथे बोल्ट, सील आणि सांडपाण्याचा जोड आहे. कमोड उचलून पुन्हा बसवणं हे सरावाचं काम आहे.

भिंतीत दडवलेल्या टाकीचे आतले भाग बटनाची पाटी काढून बाहेर येतात, तेवढं सावकाश करता येतं. पण पाटीभोवतीची भिंत ओली असेल, खालच्या मजल्याच्या छताला ओल आली असेल, तर गळती टाकीच्या बाहेर आहे आणि ती तुमच्या हातची नाही. ओल स्विच किंवा गीझरच्या जवळ असेल तर त्या भागाची वीज बंद करा, आणि पाणी नंतर.

वॉशर नवा, बैठक स्वच्छ, बटन मोकळं, आणि तरीही रेघ उतरतेय, तर बैठकीलाच चीर असते. ती बदलायला टाकी भिंतीवरून किंवा भांड्यावरून उतरवावी लागते. तेव्हा प्लंबरला ‘फ्लश गळतोय’ एवढंच सांगू नका. कॉक बंद असताना पाणी किती वेळात किती सेंमी उतरलं, तळापर्यंत गेलं की मध्ये थांबलं, आणि कुठले भाग तुम्ही आधीच बदलले, हे सांगा. तो नेमकं सामान घेऊन येईल. काम झाल्यावर तो निघण्याआधी कॉक बंद करून त्याच्यासमोर पुन्हा एक रेघ मारा आणि अर्धा तास थांबायला सांगा.